पुतळा कुणाचा, पैसा कुणाचा?



आजचा विषय जाहीर होताच मागच्या बाजूची मंडळी गालातल्या गालात हसली, ते आम्ही पाहिले. हसण्यासारखेच आहे. कंगाल झालेल्या शहराने सिनेमातल्या यंत्रमानवाचा पुतळा उभारावा काय, असा हा प्रश्न! तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हीही हसलो होतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे माहेरघर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख माणसे राहत होती. २०१० च्या शिरगणतीत ती सव्वासात लाखांच्या आत आली. कारखाने गेले, घरे ओस पडली. अशा वेळी, २०११ साली, एकाने नगराध्यक्षांना सुचविले की, शहरात 'रोबोकॉप'चा पुतळा उभारावा. नगराध्यक्षांनी, तसा काही विचार नाही, असे कळविले. मग चाहत्यांनी आपणच वर्गणी काढली आणि थोड्याच आठवड्यांत सदुसष्ट हजारांहून अधिक डॉलर जमले. पुढे २०१३ साली शहराने रीतसर दिवाळे काढले, कलासंग्रहालयातील चित्रेसुद्धा विकावी लागतात की काय अशी पाळी आली. पुतळा मात्र जागा शोधत राहिला. तो अखेर २०२५ साली उभा राहिला, अकरा फूट उंचीचा.

गंमत पाहा. १९८७ चा तो चित्रपट डेट्रॉइटचा म्हणून सांगितला, पण त्याचे चित्रीकरण बहुतांशी डॅलस शहरात झाले! आणि गोष्ट कसली? एक कंपनी नादार शहराचे पोलिसखाते ताब्यात घेते, जुनी वस्ती पाडून नवे नगर वसवू पाहते, आणि मेलेल्या शिपायाचे यंत्र बनविते. म्हणजे शहराने आपल्याच दुर्दशेची कथा चौथऱ्यावर चढविली. हे कळल्यावर आमचे हसू मावळले. गरिबाला विनोद करण्याचा हक्क नाही, असे कोण म्हणेल? पोटाला भाकरी नाही म्हणून दारात तुळस लावू नये, असे आपल्या आयाबहिणी कधी म्हणाल्या नाहीत.

तरीही ती वर्गणी होती, घरपट्टी नव्हती, हे विसरता येत नाही. जो पैसा गटारासाठी, शाळेसाठी गोळा केला, त्यातून पुतळा घडवला तर तो अकरा फुटांचा असो की एक फुटाचा, आम्ही त्याला विरोधच करू. शिवाय खाऱ्या वाऱ्यात धातूचे काय होते, ते होड्यांचे खिळे बदलणाऱ्या तुम्हां मंडळींना आम्ही काय सांगावे? पुतळा उभारणारे हारतुरे घेऊन निघून जातात. घासणारा गावातलाच असतो.

वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' उभा आहे. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. ना तलवार, ना घोडा. तोही कागदावरचाच माणूस, पण त्याच्यासमोर कुणाला परके वाटत नाही, कारण रेशनच्या रांगेत आपण त्याच्याच मागे उभे होतो. पडद्यावरचा आणि कागदावरचा नायक वाईट नव्हे. तो आपल्या घरचा आहे की पाहुणा, एवढेच विचारायचे.

आता थळ. १९८५ साली येथला खतकारखाना सुरू झाला, मुंबईकरांचे बंगले उठले. उद्या कुणी म्हणेल, पर्यटक येतील, किनाऱ्यावर एखाद्या सिनेनायकाचा पुतळा बसवा. आम्ही त्याला विचारू, बाबा रे, कुठे? जाळी पसरायच्या जागेवर? मासळी वाळत घालायच्या वाळूवर? तिथे चौथरा आला की मागोमाग कठडा येतो, कठड्यामागून पहारेकरी, आणि मग कोळणीला आपल्याच वाळूवर परवानगी मागावी लागते. आमची खरी भीती ही आहे. पुतळ्याशी आमचे वैर नाही.

आणि या गावाला बघण्यासारखे काही नाही, असे तर नाहीच. समोर उंदेरी आहे, तिच्यामागे खांदेरी. १६७९ साली मायनाक भंडाऱ्याने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ज्या बेटावर तट बांधला, त्या खांदेरीचे नाव २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिकडे जाणारी होडी थळहूनच सुटते. तिच्यासाठी धक्क्यावर सावली आणि प्यायचे पाणी आहे काय, हे अध्यक्षमहाराजांनी उद्या सकाळी आमच्याबरोबर येऊन पाहावे.