निवडुंगाचें बाळपण



निवडुंग म्हटला कीं डोळ्यांपुढें ऊन, खडक आणि कांटे उभे राहतात. तीन वर्षांपूर्वीं पुंडलिकनगरांतील माझ्या घरीं कॅक्टसचें बीं पेरलें, तेव्हां माझीहि समजूत तीच होती. मोहरीहून बारीक असें तें बीं रुजून हिरव्या मण्यांसारखीं रोपें आलीं. वाळवंटाच्या या लेकरांना ऊन काय बाधणार, असें म्हणून मीं कुंडी एप्रिलांत गच्चीवर ठेविली. चौथ्या दिवशीं एकहि रोप हिरवें उरलें नव्हतें.

चूक माझ्या समजुतींत होती. अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या वाळवंटांत सग्वारो नांवाचा निवडुंग ४० फुटांपर्यंत वाढतो. परंतु त्याचें रोप बहुधा एखाद्या झाडाझुडपाच्या सावलींतच जगतें, आणि पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतें.

घरांत सावली मिळते, पण उजेड अपुरा पडतो; मग रोपें लांबट, फिकीं होऊन लवंडतात. येथें विजेचा दिवा कामीं येतो. निम्मी जाड रेती व निम्मी चाळलेली माती उकळत्या पाण्यानें भिजवून निवूं द्यावी. बीं वरच पेरावें, पुरूं नये. पुष्कळ जातींना रुजण्यासहि उजेड लागतो. कुंडी पारदर्शक पिशवींत बांधून पांढऱ्या एलईडी नळीखालीं वीतभर अंतरावर ठेवावी व दिवा रोज १२ ते १४ तास लावावा. रोपें लांबूं लागलीं तर दिवा जवळ आणावा. लालसर झालीं तर दूर न्यावा. घटका-दोन घटका वीज गेली तर घाबरूं नये. दमट हवेंत बुरशी धरते, म्हणून कांटे दिसूं लागतांच पिशवी थोडी थोडी उघडावी. वर्षभरानें प्रथम सकाळचें कोवळें ऊन दाखवावें; तेंहि रोज थोडें थोडें वाढवीत.

मीं ३१ वर्षें शाळेंत शिकविलें. लहानपणींच सोसलें म्हणजे मुलें कणखर होतात, अशी माझी ठाम समजूत होती. पाठ न आलेल्या एका अशक्त मुलाला मीं मैदानांत उन्हांत उभें केलें होतें. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेंत आलाच नाहीं; मींहि त्याच्या घरीं चौकशीला गेलों नाहीं. ती करपलेली कुंडी पाहिली, तेव्हां मला तो आठवला.

दुसऱ्या पेरणीचीं ११ रोपें आज माझ्या टेबलावर आहेत. तीं कणखर होतीलच. पण त्याआधीं त्यांना सावली हवी, हें मला फार उशिरां कळलें.