फेटा राहू द्या, नजरेचं बघा

युवक महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत समूहगीताच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: फेटे कुठल्या रंगाचे? नियमावली कुणी उघडत नाही. सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं. गुण फक्त गायनाला, वेशभूषेला आणि हावभावांना नाहीत, हेही त्यात लिहिलेलं असतं. मग दिसण्यावर मी का बोलतोय, आणि तेही रेडिओवर?

पोळ्याला आपण बैलांवर झूल टाकतो, शिंगं रंगवतो, बाशिंगं बांधतो. पण जोडी वेशीत आली की जाणती माणसं आधी पाय बघतात. एक पुढं ओढतोय, दुसरा मागं रेटतोय, मग झूल भरजरी असून काय उपयोग? तुमचंही तेच होतं. एकजण परीक्षकांकडं बघतो, दुसरी हातातल्या कागदाकडं, तिसरा पेटीवाल्याकडं. सहा जणांचा श्वास सहा वेळा येतो आणि ओळीचं पहिलंच अक्षर फाटतं. परीक्षक डोळे मिटून बसले असले तरी त्यांना ते ऐकू जातं.

म्हणून तालमीत पेटी-ढोलकी बाजूला ठेवा. अर्धवर्तुळ असं करा, की टोकाच्या दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतील. अमेरिकेतल्या कॉलेजांत वाद्याविना गाण्याच्या स्पर्धा होतात, तिथं दृश्य सादरीकरणाला गुण असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला ‘पेन मसाला’ हा गट १९९६पासून हिंदी गाणी अशीच गातो. ठेकाही तोंडानंच धरायचा! पेटी नसली की पोरं आपोआप एकमेकांकडं बघायला लागतात. जोडीला जू असतं, तुम्हाला नजर.

हातांचं म्हणाल तर ते सैल सोडा. आभाळ आलं की बोट वर, माती आली की बोट खाली, हे बालवाडीत शोभतं, बाळांनो. कागद तर स्टेजवर नकोच. गाणं पाठ नसेल तर नजर वर येणार कशी? पुन्हा सांगतो, कारण फेट्याच्या गडबडीत हेच विसरतं: श्वास घ्यायच्या आधी एकमेकांकडं बघा, मग समोर.

हिंदी गाणं संपून मराठी सुरू होईपर्यंत मधे जी ओढण्या सावरायची धांदल चालते, तिच्यावर बरंच बोलायचं होतं. पण काचेपलीकडून खूण होतेय. एवढंच सांगतो, रंगीत तालीम आरशासमोर करू नका. आरशात जो तो स्वतःलाच... बरं, थांबतो.