१९२० : मला पाठ असलेले आणि नसलेले



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी आठवीतून शाळा सुटलेला माणूस. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. एखाद्या दशकाच्या आरंभाविषयी बोला, असे मंडळाने कळवले तेव्हा मी १९२० साल निवडले. ते आम्हा युनियनवाल्यांना पाठ असते. निदान मला तसे वाटत होते.

आमच्या शिबिरांत ते असे सांगतात. जानेवारीच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. सुमारे दीड लाख कामगार महिनाभर बाहेर राहिले आणि बारा तासांचा दिवस दहावर आला. पाठीशी कायदा नव्हता. ट्रेड युनियनचा कायदा १९२६ चा. पुढे ३१ ऑक्टोबरला एम्पायर थिएटरात लाला लजपतरायांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली. तिच्यामागे एक साधा व्यवहारही होता. जागतिक मजूर संघटना १९१९ साली निघाली होती, आणि तिथे हिंदी मजुरांच्या वतीने कोणी जायचे हे सरकारने परस्पर ठरवू नये, म्हणून देशभरची एक संस्था हवी होती. मला यात कमीपणा दिसत नाही. संस्था अशाच निघतात.

लोकमान्य ती पाहायला राहिले नाहीत. १ ऑगस्टला सरदारगृहात ते गेले. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. पुढच्या वर्षी, १९२१ च्या जुलैत, त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले. त्या रात्रीवर सांगणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत. मी सांगत नाही.

आता मला पाठ नव्हते ते. संपाच्या त्याच जानेवारीत, ३१ तारखेला, ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मथळ्यावर तुकोबांचा अभंग. कचेरी कुठे? परळला, पोयबावडीत, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात! मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांपुढे केले. मी तीस वर्षे संपाची तारीख सांगत आलो, पण ‘मूकनायका’ची त्याच महिन्यातली तारीख तिच्या शेजारी कधी ठेवली नाही.

आणि ती शेजारी ठेवली की साचेखाते आठवते. गिरणीत चांगली मजुरी तिथे मिळे. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावा लागे. तोच धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागेल, म्हणून त्याला त्या खात्यात घेत नसत. ही बंदी एकट्या मालकाने घातलेली नव्हती. ती आम्ही, म्हणजे आमच्यासारख्या कामगारांनी, पाळली होती. दहा तासांसाठी सगळे एकत्र बाहेर पडले, आणि आत जाताना पुन्हा आपापल्या खात्यांत गेले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हा प्रश्न टाकला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला, तोही नाखुषीने.

हे वाचून मी त्या पुढाऱ्यांवर रागावणार होतो. पण काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी मागणीपत्रक लिहिले होते. ते फाटकावर वाचून दाखवले, टाळ्या पडल्या. मग झाडलोट करणारी एक कंत्राटी बाई झाडू हातात धरूनच पुढे आली. म्हणाली, “भाऊ, यात आमची नावं कुठं हायती?” कॅन्टीनमध्ये कायम कामगार बाकावर बसत आणि ही माणसे मागच्या पायऱ्यांवर डबा खात, हे मी रोज पाहत होतो. मी म्हणालो, “पुढच्या खेपेला बघू, मावशी.” ती काही बोलली नाही, झाडायला गेली.

पुढच्या खेपेला ती सतरा नावे मी पहिल्या पानावर घातली. व्यवस्थापनाने ते पान तेवढे परत पाठवले. आमच्या कमिटीतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, एवढ्यासाठी आपला बोनस अडकवू नका. ते पान मी अजून मागे घेतलेले नाही.