नगरच्या मिशन शाळा आणि ‘ज्ञानोदय’

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांविषयी बोलताना सिंथिया फॅररबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८२७ साली मुंबईस उतरलेल्या आणि १८३९ पासून नगरास स्थायिक झालेल्या या अविवाहित शिक्षिकेने, ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हेच अशुभ मानले जाई त्या काळी, मुलींच्या शाळा निष्ठेने चालविल्या. आणि त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यास तसाच उद्योग आरंभण्याचा निश्चय दृढ झाला, ही गोष्ट आपल्या शैक्षणिक इतिहासाच्या दप्तरी अधिक ठळकपणे नोंदली जावी, असे मला मनापासून वाटते.

मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये नगरासच निघाले. त्याची खरी थोरवी अशी, की फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली त्याने छापला. ज्या समाजास गावच्या चावडीवरही न्याय मिळणे दुरापास्त, त्याची फिर्याद त्याच्याच एका शाळकरी मुलीच्या शब्दांत अशा रीतीने मराठी वाचकांपुढे रुजू झाली.