गिटार, बेंजो आणि अर्थिंग

नांदेड-लातूरकडे वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत किंवा गणपतीत बेंजो कधी ऐकलाच नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. बटणं दाबून वाजवायचं हे वाद्य मूळचं जपानी. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये ते घडवलं आणि त्याचं नाव ठेवलं ताइशोगोतो. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं. पुढे ढोल-ताशापुढे आवाज टिकेना, म्हणून तारांखाली पिकअप बसला, वायर अॅम्प्लिफायरला गेली आणि इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा चुलतभाऊ मराठवाड्याच्या वरातीत नाचू लागला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा त्यात बेंजोवाला झाला तो लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुखांचा रितेश. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मुंबईच्या पोरांचं खूळ, असं इथे कुणी म्हणालं तर त्याला आधी बेंजोकडे बोट दाखवावं.

दोघांचा जीव एकाच ठिकाणी असतो, पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. तिची जाडी मिलिमीटरच्या सहा शतांशांच्या आसपास, आणि वेढे सात-आठ हजार. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत अगदी किंचित वीज उपजते, अॅम्प्लिफायर तीच मोठी करून ऐकवतो. विहिरीवरची मोटार जळाली की तालुक्याला नेऊन भरून आणायची, हे ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे त्या शेतकऱ्यांना तांब्याच्या वेढ्यांचं गणित नव्याने सांगायला नको.

या वेढ्यांची एक खोड आहे. तारेच्या थरथरीबरोबर ते घरातल्या विजेची 50 सायकलची घरघरही ओढून घेतात. ट्यूबलाइट, पंखा, मंडपाची झगमग माळ, काहीही चालतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर तोड काढली. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीचं चुंबक आणि वेढे दोन्ही दुसरीच्या उलट. तारेचा सूर दोघींत मिळून वाढतो आणि घरघर मात्र एकमेकींत जिरते. हाच हंबकर. फेंडर कंपनीच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा एकेरी पिकअप कानाला जास्त लख्ख लागतो हे खरं, पण ज्याला जनरेटरवर आणि मंडपातल्या वायरिंगवर वाजवायचं आहे, त्याने निदान पहिली गिटार तरी हंबकरवालीच घ्यावी.

घ्यायची कुठून? मुंबईत धोबी तलावाला फुर्टाडोजचं दुकान आहे, 1865 पासूनची ही पेढी. नांदेडकराला देवगिरी एक्सप्रेस धरून मुंबईला जाता येतं, तसं उलट्या दिशेने हैदराबादलाही, आणि ते जवळ पडतं. पण आता बहुतेक खरेदी मोबाइलवरच होते आणि गिटार खोक्यात बसून घरी येते. जुन्या गिटारीचा बाजार मात्र अजून गावातच आहे. लातूर हे तर क्लासेसचं शहर. दहावीच्या सुट्टीत हौसेने घेतलेली गिटार अकरावी लागली की पलंगाखाली जाते आणि नीटची पुस्तकं टेबलावर येतात. अशी दोन-चार महिने वाजलेली गिटार निम्म्या किमतीला मिळाली तर नव्या स्वस्त गिटारीपेक्षा ती केव्हाही बरी. फक्त पाहून घ्यायला हवी.

पाहायचं कसं, तर रंग आणि चकाकी शेवटी पाहायची. आधी गिटार डोळ्यांसमोर धरून नेकच्या, म्हणजे तिच्या लांब दांड्याच्या, कडेने नजर लावावी, सुतार फळी पाहतो तशी. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, एकदम दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून जेमतेम कागद सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर नेकच्या पोटातली ट्रस रॉड नावाची सळई थोडी आवळावी लागेल. ते काम अॅलन कीने, पाव वेढ्याच्या पुढे न जाता होतं. पण सळईचा नटच झिजून फिरत असेल, तर भाव न करता उठावं. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी, मधल्या फ्रेटांवर खोल खाचा पडल्यात का ते बघावं. तिरक्या डोक्याची गिटार असेल तर डोकं आणि नेक जुळतात तिथे भेग शोधावी. पडलेली गिटार आधी तिथेच मोडते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना होणारी खरखर ऐकून मात्र घाबरू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे सहसा पुरतात. सैल जॅक आणि तुटलेला टाका हे गावातला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा दहा मिनिटांत डाग देऊन जोडतो. भाव पाडायला मात्र या दोन्ही गोष्टी कामी येतात.

विकणाऱ्याने नव्या तारा चढवाव्यात. तेवढ्याच खर्चात गिटार तरुण दिसते आणि वाजतेही. काढून ठेवलेले मूळ सुटे भाग सोबत द्यावेत. आणि घेणारा ऑनलाइन असेल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवावं, की आपल्या खात्यात पैसे यायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन मागणारा गिऱ्हाईक नव्हे.

आता राखण. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ज्या हवेने ही वेळ आणली तीच हवा गिटारीचा नेकही सुकवते. लाकूड आखडतं, फ्रेटची धातूची पट्टी आखडत नाही, आणि मे महिन्यात नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचायला लागतात. ज्या मिरजेने पाणी दिलं, तिच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर असोत की आणखी कुठले, वाद्याचं लाकूड आधी मुरवावं लागतं हे त्यांना ठाऊक असतं. कारखान्यातल्या स्वस्त गिटारीच्या लाकडाला तेवढी उसंत मिळालेली नसते. म्हणून गिटार कूलरसमोर नको, गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीला टेकवलेली नको आणि उन्हातल्या गाडीत तर नकोच. बंद केसमध्ये राहू द्यावी. टोकं बाहेर आलीच तर बारीक कानशीने घासता येतात, पण हात सरावलेला हवा.

बोटांखालची पट्टी बऱ्याचदा शिसवाची असते, आणि जगभरच्या गिटारींना भारतीय शिसव लागतो. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू झाला, तेव्हा फेंडरने आपल्या मेक्सिकोतल्या अनेक गिटारींवर पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड बसवलं. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस सूट मिळाली. या शिसवी पट्टीला वर्षातून एक-दोनदा तेलाचं बोट लावावं, पण स्वयंपाकघरातलं तेल नको. आपल्या भागातलं करडईचं तेल हवेने चिकट होतं आणि त्यावर मळ बसतो. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चार थेंब पुरे. मेपलच्या फिकट, लाखेने चकाकणाऱ्या पट्टीला तेल लावूच नये.

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. गिटारीच्या तारा आतून ब्रिजमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. अॅम्प्लिफायर एका बोर्डावर, माइक दुसऱ्यावर आणि एकीकडे अर्थिंगच नाही, असं झालं तर हात तारांवर आणि ओठ माइकवर असलेला माणूस मध्ये वायरसारखा सापडतो. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने रंगमंचावरच दगावला. आपल्याकडे तर उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याची वीज जमिनीत नेण्याची ताकद घटते. वर दोन पिनांच्या सॉकेटात बसावा म्हणून तिसरा पिन मोडणारे उत्साही असतातच.

तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि वाजवणाऱ्या पोरांना विनंती आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. गिटारीचा अॅम्प आणि माइकची सिस्टिम एकाच तीन पिनी बोर्डावर घ्या, आणि इलेक्ट्रिशियनला माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघायला सांगा. दिवा लागला, तर त्या रात्री माइकपासून दूर राहून वायर न लागणारी साधी लाकडी गिटार वाजवा.