अंगणातला लिंब



या व्यासपीठावर गेले काही दिवस मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने आपण ऐकलीत. आमचे शिक्षण सातवीत संपले. पुढे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या ओट्यांवर झाले. आम्ही कामगारकायद्यावर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. आम्ही एका झाडावर बोलणार आहोत. कायदा ओघाने येईलच.

आम्ही सोलापूरचे. तिकडे कडुनिंबाला नुसते लिंब म्हणतात. आमच्या चाळीच्या अंगणात असा एक लिंब होता. तो कोणी लावलेला नव्हता. एखाद्या साळुंकीने निंबोळी खाऊन बी टाकले असेल, त्याचा झाला. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नसे. पाडव्याला डहाळी न्यायला तीन गल्ल्यांतली पोरे येत, आणि त्यांच्या नावाने ओरडणे हा आमच्या आईचा सणच होता. पण आठवण एवढीच असती, तर आपला वेळ घेण्याचे कारण नव्हते.

त्या लिंबाखाली पंधरा-वीस बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळीत. गिरण्यांच्या दिवसांत पुरुष गिरणीत आणि बाई बिडीत असा आमच्याकडील कितीतरी घरांचा मेळ असे. गिरण्या बंद पडल्या, बिडी राहिली. आता हे काम पाहा. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत मोजून मिळते. पाने भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मापाने कातरायची, मग तंबाखू भरून वळायची आणि बांधायची. मजुरी हजारावर. पान ओलसर असेल तोवरच ते वळते. वाळले की तडकते, आणि तडकलेली बिडी तपासणीत छाट म्हणून बाजूला पडते. तिचा पैसा मिळत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पलीकडचा. पत्र्याच्या खोलीत दुपारी पान पाहता पाहता कडक होते. पंखा लावावा, तर पान आणखी वाळते आणि तंबाखू डोळ्यांत जातो. लिंबाखाली ही अडचण नव्हती. झाडाची पाने मुळांनी ओढलेले पाणी हवेत सोडीत असतात, त्यामुळे त्याच्या सावलीत जो गारवा असतो तो पत्र्याच्या सावलीत नसतो. हे आम्ही पुस्तकात पुढे वाचले. बायांना ते आधीपासून ठाऊक होते.

युनियनच्या सभाही तिथेच होत. किती मागणीपत्रके आम्ही त्या पारावर बसून लिहिली! मजुरी, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, छाटीचा जुलूम, सर्व काही त्यांत होते. डोक्यावरच्या सावलीचे कलम मात्र एकाही पत्रकात नव्हते. ती फुकट होती ना! फुकटाची नोंद ठेवण्याची सवय आम्हां युनियनवाल्यांनाही नाही.

यापुढचे सांगताना जीभ अडखळते. अंगणात पावसाळ्यात चिखल होई. बाया घसरत, सूत-तंबाखू भिजे. तेव्हा अंगण पक्के करून द्या, असा अर्ज आम्हीच लिहिला, आम्हीच सह्या गोळा केल्या, आणि २०१४ साली काम मंजूर झाले तेव्हा पेढेही आम्हीच वाटले. कंत्राटदाराने पार फोडून काँक्रीट थेट बुंध्याला भिडवले. गटाराचा नळ टाकण्यासाठी पश्चिमेकडची मुळे तोडली. आम्ही उभे होतो. एका वृद्ध अक्कांनी म्हटले, "अण्णा, त्याला श्वास घ्यायला जागा सोडा की." आम्ही हसून म्हणालो, "अक्का, झाड काय नाकाने श्वास घेतं?"

अक्कांचे बरोबर होते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. त्यांना मातीच्या पोकळ्यांतली हवा लागते. वर काँक्रीट बसले की पाणी नाही, हवा नाही. तरी झाड लगेच मरत नाही, हीच फसगत. पहिल्या वर्षी शेंडे वाळले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पालवी विरळ आली. आम्ही म्हणालो, पाऊस कमी झाला. २०२२ च्या मे महिन्यात वळिवाचे वारे सुटले, आणि जिकडची मुळे तोडली होती तिकडून लिंब उखडून पूर्वेला आडवा झाला. रात्रीची वेळ, म्हणून माणूस वाचले. सकाळी पाहिले तर तुटल्या मुळांची टोके कुजून काळी पडलेली. लाकूड दोन दिवसांत गेले.

आता कायदा. बिडी-कामगारांचा १९६६ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता; तो घरी काम करणाऱ्या बाईला कामगार मानीत असे, ही मोठी गोष्ट होती. पण हवा, स्वच्छता, पिण्याचे पाणी यांच्या ज्या तरतुदी त्यात होत्या, त्या कारखान्याच्या जागेसाठी. राहते घर त्यातून वगळलेले. म्हणजे बाई कामगार होती, तिची कामाची जागा मात्र त्या कायद्याला दिसत नव्हती. दुसरा कायदा राज्याच्या शहरांतील झाडांच्या जतनाचा, १९७५ चा. आम्ही तो झाड पडल्यावर वाचला. झाड तोडणे म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणे नव्हे. त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्या व्याख्येत येते. आम्ही चष्मा काढून ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना कलमे वाचून दाखवणाऱ्या माणसाला ते कलम स्वतःला लागू पडताना पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात छाट वाढली. बायांच्या नोंदवह्यांत ती दिसते. पुढच्या मागणीपत्रकात कामाच्या जागी सावलीचे कलम आम्ही घातले. समोरचे गृहस्थ म्हणाले, "झाडाची मजुरी कशी मोजायची हो?" आम्ही नोंदवह्या टेबलावर ठेवल्या. ते कलम अजून मान्य झालेले नाही.

पूर्वी जिथे बुंधा होता, तिथे आम्ही चार हात रुंदीचे काँक्रीट फोडले आहे. फोडताना शेजाऱ्यांनी, "आधी घालून घेता, मग फोडता," असे ऐकवले. तिथे लिंबाची दोन रोपे आहेत. एक शेळीने खाल्ले होते, पण पुन्हा फुटले. पाने भिजवून उरलेले पाणी बाया त्यांना घालतात. अक्का म्हणतात, आपल्याला काही त्याखाली बसायला मिळायचे नाही; पण पाणी सर्वांत आधी त्याच घालतात. तूर्त अंगणावर हिरवे जाळे बांधले आहे. त्याखाली पान दुपारी दोनपर्यंत टिकते.