ऑस्ट्रियाची कोरडी पांढरी मद्ये

कोलकात्यात चहाचे लिलाव 1861 पासून होत आले आहेत. येथील पारखी चहाचा सशब्द भुरका मारतो, तो तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. दार्जिलिंगचा वसंतातील पहिला खुडा कोणता आणि उन्हाळ्यातील दुसरा कोणता, हे त्याला सांगावे लागत नाही. अशा नगरीतील श्रोत्यांना ऑस्ट्रियाची पांढरी द्राक्षमद्ये समजणे फारसे अवघड जाऊ नये. तेथील वाखाउ खोऱ्यात हलक्या मद्यास श्टाइनफेडर, मध्यमास फेडरश्पील आणि पूर्ण पिकलेल्या द्राक्षांच्या, किमान 12.5 टक्के मद्यार्क असलेल्या मद्यास स्मारागड म्हणतात. तिन्ही कोरडीच. कोरडे म्हणजे आंबट नव्हे. द्राक्षातील बहुतेक साखरेचे मद्यार्कात रूपांतर झालेले असते, इतकेच.

1985 साली काही उत्पादकांनी गोडी आणि दाटपणा भासविण्यासाठी मद्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघडकीस आले. निर्यात कोसळली आणि त्याच वर्षी कडक कायदा झाला. आज बाटलीच्या टोपणावर लाल-पांढरी-लाल खूण आढळते, ती शासकीय तपासणीची. नवख्याने आधी ती पाहावी. मग ग्र्यूनर फेल्टलीनर या द्राक्षाचे एखादे फेडरश्पील निवडावे. त्यातील मिरीचा पुसट झणका तळलेल्या भेटकी माशाशी चांगला जुळतो.